पूजेतला ग्राइंडर

झेंडू फुलला की माझं डोकं फिरतं.

भाद्रपद सरता सरता आमच्याकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना वावरं पिवळी-केशरी होतात. पुण्याकडची माणसं गाड्या थांबवतात. एखादी बाई फुलांत शिरून हात पसरते, नवरा मोबाइल धरून मागे मागे सरकतो, आणि मी दुकानाच्या दारात स्टुलावर बसून मनात म्हणतो, काढा बाबांनो, काढा फोटो. फोटोत वास येत नाही हे बरं आहे. झेंडूचा वास काही गोड नसतो. नीट हुंगून बघा, कडवट असतो, बोटांना चिकटला की साबणानेही जात नाही. मला त्यात पेट्रोलचा वास येतो. मग जळलेल्या ऑइलपेंटचा येतो. मग काही सुचत नाही आणि मी उगाच कुणावर तरी ओरडतो. समोर गिऱ्हाईक असेल तर गिऱ्हाइकावर.

माझं ग्रिल-गेटचं दुकान आहे, ओझरच्या अलीकडे. पंचवीस वर्षं लोखंड कापतोय, जोडतोय, घासतोय. घासकाम माझ्याइतकं साफ या पट्ट्यात कुणाचं नाही, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो. आता कुणी म्हणालं की मी दुसरं काहीतरी बोलायला लागतो.

नवरात्र बसायच्या आधी आमच्याकडे घर काढतात. म्हणजे खरोखरच काढतात. भांडी, डबे, गाद्या, ट्रंका, देव सोडून सगळं अंगणात येतं. गोधड्या टेम्पोत भरून कुकडीवर जातात. त्या आठवड्यात नदीकाठ नुसता धपाधप वाजत असतो. ओली गोधडी एकट्या बाईला पिळता येत नाही, दोघी दोन टोकं धरून उलट्या दिशांना पीळ देतात आणि पाणी पायावर पडलं की ओरडतात. चार वर्षांपूर्वी, त्या नवरात्राच्या आधी, आमची ओवी काठावरच्या ओल्या दगडावर तळवा टेकून बसली होती. शेजारी कुणी गोधडी आपटली की ती मान हलवायची. प्रत्येक धपक्याला, बरोबर. आवाज तिला येत नव्हता. दगडातून हाताला काय यायचं ते तिचं तिला माहीत.

ओवी ही माझा धाकटा भाऊ बाळू, त्याची मुलगी. आम्हा नवराबायकोला मूल नाही, त्यामुळे ती आमच्याच मांडीवर जास्त वाढली. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. नाव ठेवलं तेव्हा कुणाला ठाऊक होतं? बारशाला आत्याने तिच्या कानात जोरात कुर्र केलं, बायकांनी पाठीत धपाटे घातले, सगळा दंगा, आणि ही बया डोळे मिटून गप्प. आई कौतुकाने म्हणाली, "लई शांत हाय गं पोर. आवाजानं दचकत बी न्हाई." आम्ही सगळे हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की कानाच्या आत एक यंत्र बसवतात, त्यासाठी ऑपरेशन लागतं. जितकं लवकर तितकं बरं. पाच पूर्ण व्हायच्या आत झालं तर ती ऐकायला शिकेल आणि ऐकून बोलायला. "नंतर नंतर मेंदू ते शिकायचं सोडून देतो," असं ते म्हणाले होते. ओवीला कार्तिकात पाच पूर्ण होणार होती. सरकारी योजनेच्या कागदांमागे आमचं एक वर्ष गेलं होतं. बाळूचा टेम्पो, त्याच्या बायकोचं, अर्चनाचं, गळ्यातलं, माझं होतं नव्हतं ते, सगळं धरूनही घोडं अर्ध्यावर अडलं होतं. घरात ऑपरेशनच्या आकड्याचं नाव कुणी काढत नसे. बाळू जेवताना मधेच थांबायचा, भाकरीचा तुकडा हातात तसाच. मला कळायचं तो काय मोजतोय. महिने मोजायचा.

अशा दिवसांत गिरणीची खोली काढली.

घराच्या मागे आमच्या वडिलांची, अण्णांची, बंद पडलेली पिठाची गिरणी आहे. अण्णा इंजिनांचे मेस्त्री. कुठं विहिरीवरचं इंजिन बसलं, कुठं गिरणीचं बंद पडलं, की अण्णा मोटारसायकलला मागे हत्यारांचं पोतं बांधून निघायचे. घोडेगाव, डिंभे, पार वर आहुप्यापर्यंत. रस्ता संपायचा तिथून पुढेही त्यांची गाडी जायची, असं तिकडची म्हातारी माणसं अजून सांगतात. ती गाडी गिरणीच्या खोलीत होती. सापडली, असं मी म्हणतो, पण हरवली कधी होती? तिच्यावर आधी एक पोतं पडलं, मग दोन, मग माझे मोडके गेट, मग कोंबड्यांचं खुराडं. आम्हीच बघायचं सोडलं होतं. अण्णा मात्र होते तोवर दर खंडेनवमीला पोती बाजूला करून आत शिरायचे आणि गाडीला एक हात ऑइलपेंट मारून यायचे. माझ्या दुकानात उरलेल्या डब्यातला, जो असेल तो रंग. हिरवा उरला तर हिरवा. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याला चळ लागलाय.

बाळू आणि मी ती ओढून अंगणात आणली तेव्हा चाकं फिरत नव्हती. रुपेरी रंगाचं एक बोजड जनावर. आई म्हणाली, "भंगारवाल्याला दिवून टाका, जागा तरी हुईल." आणि दिली असती की! तेवढ्यात मंचरचे फौजी मेस्त्री माझ्याकडे शटरच्या पट्ट्या न्यायला आले होते, त्यांनी पाहिली. लष्करात गाड्यांच्या कामावर उभा जन्म काढलेला माणूस. पट्ट्या तिथंच टाकून गाडीपाशी उकिडवे बसले.

मग नखाने टाकीवरचा रंग खरवडायला लागले. रुपेरीखाली निळा, निळ्याखाली लाल, आणि त्याच्या खाली हाताला उंचवटा लागला. फडकं रॉकेलमध्ये भिजवून त्यांनी हळूहळू पुसलं, तर तीन बंदुका एकमेकींना टेकून उभ्या असलेलं चिन्ह वर आलं. कंपनीचं नाव त्यांनी सांगितलं. आहुप्याची म्हातारी माणसं तिला 'तीन बंदुकीची' म्हणतात ते का, हे मला तेव्हा कळलं.

"विलायतेचं बनलेलं हाय भाऊ," फौजी म्हणाले. "लढाईसाठी बनीवलेली. पुढचा हा फोर्क बगा, ह्यात आजच्यासारखा पाइपातला शॉकअप न्हाई, वर एकच मोठी स्प्रिंग. इंजिन एका सिलिंडरचं. फौजेनं लिलावात काढली आसंल, कुणीतरी घेतली, त्याच्याकडनं तुमच्या अण्णांनी."

"किती येतील?" मी एकदम विचारलं. माझं हे असंच. समोरचा जीव लावून सांगतोय आणि मला शेवट हवा.

फौजींनी माझ्याकडे पाहिलं, मग अंगणात दगड रचत बसलेल्या ओवीकडे. घरातली गोष्ट त्यांना ठाऊक होती. म्हणाले, "हिला दोन नंबर आसत्यात. एक इंजिनावर, एक सांगाड्याच्या मानंवर, जिथं हँडल बसतं तिथं. दोन्ही नंबर कागदाशी जुळलं, तर हिची किंमत तुमाला झोपू देणार न्हाई. न जुळलं, तर नुसतं पार्ट."

कागद! ट्रंकेतून आरसी बुक निघालं खरं, पण वाळवीने खालचं अर्धं खाल्लेलं. अण्णांचं नाव होतं, इंजिनाचा नंबर होता, आणि चासीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, नंबराची पहिली दोन अक्षरं. पुढे भोक. इंजिनावरचा नंबर फौजींनी तिथंच ब्रशने साफ करून वाचला. जुळला! अक्षर न् अक्षर जुळला. बाळूने माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठला. राहिला होता मानेवरचा. तिथं अण्णांच्या रंगाचे थर सगळ्यांत जाड होते, ब्रश फिरवायला सोपी जागा म्हणून असेल.

फौजींनी पुण्याच्या एका माणसाला फोटो पाठवले. जुन्या गाड्या जमवणारे ते साहेब. त्यांनी फोनवर जी किंमत सांगितली ती आणि डॉक्टरांचा आकडा जवळजवळ एकच होते. खोटं नाही सांगत, मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडलो. अण्णांना चळ लागलाय म्हणणारा मी!

आणि मग ती चालू झाली. नवरात्राची पाचवी माळ होती. फौजी तीन दिवस आमच्याकडे येत होते, कार्बोरेटर खोलला, इंजिनाचे अडकलेले व्हॉल्व्ह सोडवले, नवा प्लग, बाटलीतनं पेट्रोल. बाळू किक मारून मारून घामाघूम. "मर्दा, पाय दे, पाय! लाथ मारू नगं, वजन दे," असं फौजी ओरडत होते. कितव्या किकला ते मोजलं नाही, पण एकदम फाट्कन धूर आला, आई देवघरातून पळत बाहेर, आणि मग ते सुरू झालं. ढुब, ढुब, ढुब. जमिनीतून यायचं. अंगणातली घासलेली भांडी हलायला लागली.

ओवी उठली. दगड टाकून सरळ गाडीपाशी आली आणि टाकीवर दोन्ही तळवे ठेवले. तिचं तोंड बघायला हवं होतं. आधी घाबरली. मग हात काढले, परत ठेवले. काढले की नाही, ठेवले की आहे. मग ती हसली, मोठ्याने, घशातून, ज्या आवाजात ती कधी हसली नव्हती. अर्चना पदर तोंडात धरून खाली बसली. मी ओवीला उचलून सीटवर बसवलं, तिची मूठ थ्रॉटलवर ठेवली आणि तिच्या मुठीवर माझी. मूठ वळवली की ढुबढुब वाढायची. फौजींनी इंजिन बंद केलं तरी तिची मूठ वळतच होती.

त्या दिवसापासून माझं नाव ते झालं. तिला मला हाक मारायची असली की ती उजवी मूठ पुढे धरून वळवते. 'काका' म्हणजे थ्रॉटल. घरातल्या सगळ्यांना तिने खुणांची नावं दिली आहेत, आईला कपाळावरचं कुंकू, बाळूला टेम्पोचं स्टिअरिंग. पण माझ्या नावाइतक्या आनंदाने ती कुणाचंच नाव घेत नसे.

फौजी दर दसऱ्याला नागपूरला जातात, दीक्षाभूमीवर. त्यांचे वडील जात, मग हे, एकही वर्ष चुकलेलं नाही. सातव्या माळेला निघताना त्यांनी मला बजावलं होतं. "मानंवरच्या रंगाला हात लावायचा न्हाई. मी आलो की रिमूव्हर लावून, कापूस धरून, निवांत काढू. जुनं ठोकलेलं आकडं लई उथळ आसत्यात. चार दिवस दम धरा." मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातंय.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंगचा होल्डर, हातोड्या, पाने, सगळं धुऊन पुसून पोत्यावर मांडायचं. हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ. पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. त्यांनाही एक दिवस सुट्टी पाहिजे, असं अण्णा म्हणायचे. दुकान बंद, हात रिकामे, आणि बारा महिने लोखंडाशी झटणाऱ्या माणसाला तो रिकामा दिवस खायला उठतो.

दुपारी साहेबांचा फोन आला. ते दुसऱ्या दिवशी नाशिककडे एक अशीच गाडी बघायला निघणार होते. "तुमच्याच रस्त्याने जातोय. चासी नंबरचा फोटो आज आला तर तुमच्याकडे थांबतो आणि सौदा करून टाकतो. नाहीतर पुढे जातो, तिकडचे कागद तयार आहेत." आवाज अगदी सभ्य. घाई त्यांची नव्हतीच, माझी होती. मी फौजींना फोन लावला. लागला नाही. परत लावला. नागपुरात त्या दिवशी लाखांची गर्दी, कुठला फोन लागतोय? चार वेळा, पाच वेळा. अंगणात ओवी गाडीच्या टाकीवर गाल टेकून बसली होती. मला तिचा कान दिसत होता. छोटासा, अगदी व्यवस्थित कान. काय कमी आहे याच्यात, असं कुणालाही वाटावं.

मी पूजेतला ग्राइंडर उचलला.

"अशोक," आई उंबऱ्यातून म्हणाली, "पूजेतलं हत्यार उचलू नगं रं. उद्या सकाळी घे की."

"उद्या सकाळी तो माणूस निघून गेला तर? तू देणार हैस का तिला कान?" असं बोललो मी माझ्या आईला. ती आत गेली. माझ्या तळव्याला मुठीवरचं ओलं कुंकू चिकटलं होतं, ते मी पँटला पुसलं.

ठरवलं होतं, नुसता रंगाचा वरचा पापुद्रा फोडायचा, मग तारेचा ब्रश. एकच हलका हात. पण रुपेरी निघेना, दगडासारखा झालेला. थोडं दाबलं. रुपेरी उडाला, खाली निळा, तो शाळेच्या गेटचा. निळ्याखाली हिरवा, तो सोसायटीच्या गोदामाच्या खिडक्यांचा. मग लाल, एसटीच्या थांब्यावरच्या बाकांचा. माझीच सगळी कामं, माझ्याच डब्यांतून अण्णांनी उचललेली. रंग जळत होता, वास डोक्यात चढत होता, आणि मला वाटत होतं, आता दिसेल, आता दिसेल. ठिणग्या उडायला लागल्या तेव्हा मला कळायला हवं होतं. रंगाला ठिणगी नसते, लोखंडाला असते. पंचवीस वर्षं हे काम करतोय मी, अरे देवा! ओवी लांब उभी राहून ठिणग्यांना टाळ्या वाजवत होती.

मशीन बंद केली. फडक्याने पुसलं. चकचकीत, कोरं. नंबर नाहीच. मला वाटलं, दुसऱ्या अंगाला असेल. ऐका, नीट ऐका माझी अक्कल. मी दुसऱ्या अंगालाही ग्राइंडर मारला.

तिथंही काही नाही. मग मोबाइलची बॅटरी तिरकी धरली आणि पहिल्या जागेवर, कडेला, एक बारीक वळण दिसलं. नखाच्या कोरीएवढं. तीनचं असेल, पाचचं असेल, आठचं असेल. एका आकड्याचं शेपूट. बाकीचे आकडे खाली धुळीत पडले होते, रंगांच्या भुकटीत मिसळून.

मी खाली बसलो.  बाळू टेम्पो लावून आला, घाईघाईने म्हणाला, "दादा, काढला का फोटो? पाठीवला का?" त्याच्या पिशवीत पेढे होते. कुणी सांगितलं होतं त्याला पेढे आणायला? मी नुसतं बोट दाखवलं. तो वाकून बघत राहिला. तो काही बोलला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढे कधीच नाही. माझ्याशी जेवतो, हसतो, कामाचं बोलतो. पण त्या गोष्टीवर एक शब्द नाही. एकदा तरी माझी गचांडी धरली असती तर मी त्याचे पाय धरले असते.

साहेबांना मी खरं ते सांगितलं. तरी दसऱ्याला ते थांबले. वाकून पाहिलं, हात फिरवला, आणि हळहळून म्हणाले, "अहो, रंगाचे थर आहेत, नंबर दिसत नाही, एवढंच कळवायचं ना मला. मी चार दिवस थांबलो असतो की." एवढंच. एवढंच विचारायचं राहिलं होतं. घासलेला नंबर म्हणजे चोरीची गाडी धरतात, ती आता कागदावर येणार नाही, असं त्यांनी समजावलं. मी आपला होय होय करत होतो.

फौजी आले. अंगठा त्या जागेवरून फिरवत राहिले, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसे. ॲसिड लावून बघितलं, पोलिसात तसं करतात म्हणे. दोन आकड्यांची सावली आल्यासारखी वाटली, आम्ही श्वास धरून वाकलो, आणि ती गेली. शिव्या द्याव्यात असा मी माणूस, पण त्यांनी दिल्या नाहीत. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि म्हणाले, "फोन लागायला पायजे व्हता भाऊ. माझीच चूक." त्यांची चूक! मला तिथं भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

इंजिन, फोर्क, टाकी, चाकं, पार्ट म्हणून गेली. टेम्पोत चढवताना ओवी टाकीला धरून होती, तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. आलेल्या पैशांत ऑपरेशन बसलं नाही. संस्थांचे उंबरे झिजवले, एका ठिकाणचा कागद आला तोवर दुसरीकडची मुदत गेली. कार्तिक आला. मग दुसरा कार्तिक. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि आता फारसा उपयोग होईल असं मला वाटत नाही, असं चष्मा काढून सांगितलं. अर्चनाने "बरं" म्हटलं. परतताना गाडीच्या खिडकीतून झेंडू दिसत होता.

ओवी आता नऊ वर्षांची होईल. पुण्याला मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत, वसतिगृहात असते. हुशार आहे, पहिली येते, तिचे हात इतके भरभर चालतात की मला अर्धंच कळतं. मी तिच्याकडून थोड्या खुणा शिकलोय. पाणी, जेवण, झोप, शाळा, हो, नाही. बाकी आम्ही आमचं भागवतो.

सांगाडा अजून आहे. नुसता सांगाडा कुणी घेत नाही. गिरणीच्या खोलीत भिंतीला टेकून ठेवलाय. मी त्याला रंग मारत नाही. दर खंडेनवमीला त्या दोन घासलेल्या जागांना तेल लावतो, गंज चढू नये म्हणून. का, ते विचारू नका. मलाही सांगता येणार नाही.

यंदा खंडेनवमीला मी तेल लावत होतो, आणि ओवी दारात उभी होती. सुट्टीला आलेली. आत आली, सांगाडा तिने ओळखला. मूठ वळवली, पण माझ्यासाठी नाही, गाडीसाठी. मग त्या गुळगुळीत जागेवर बोट फिरवलं आणि भुवया वर केल्या. हे काय?

चार वर्षं मी हे टाळलं होतं. टाळता आलं असतं अजूनही, नाही अशी मान हलवली असती की झालं. पण तिचे डोळे असे आहेत की त्यांच्यापुढे खोटं सुचत नाही. मी खडूने जमिनीवर आकडे काढले, मानेकडे बोट केलं, आकडे पायाने पुसले. माझ्या छातीवर बोट ठेवलं. मी. ग्राइंडर धरल्यासारखे हात केले. तिला कळलं, कारण तिने लगेच दोन्ही हातांची बोटं फुलबाजीसारखी उघडमीट केली आणि हसली. ठिणग्या! तिला ठिणग्या आठवत होत्या. तिने टाळ्याही वाजवून दाखवल्या, तेव्हा वाजवल्या होत्या तशा.

मग मी पुढचं सांगितलं. गाडी, पैसे, डॉक्टर, कान. खुणा चुकत होत्या, पण थांबलो नाही. ती बघत राहिली. टाळ्यांचे हात तसेच हवेत राहिले, मग खाली आले. तिने स्वतःच्या कानाला बोट लावलं, मग सांगाड्याला, आणि भुवया वर केल्या. आलं असतं ऐकू?

कदाचित. काय माहीत. डॉक्टर तरी कुठे छातीठोक सांगत होते? हे सगळं मला सांगायचं होतं, पण त्याच्या खुणा मला येत नाहीत. उत्तराच्या मला दोनच येतात. हो आणि नाही.

मी हो म्हणालो.

तिने सांगाड्याच्या पाइपावर तळवा ठेवला, टाकी असायची त्या जागी. डोळे मिटले. बराच वेळ ठेवला. मग काढला, तेल फ्रॉकला पुसलं आणि आजीकडे निघून गेली. पूजेतला ग्राइंडर पोत्यावर होता, माळ घालून. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी ओवी नवा फ्रॉक घालून आपट्याची पानं वाटत फिरत होती. आजीपुढे गेली, कपाळाला बोट लावून कुंकवाची खूण केली, पान दिलं, पाया पडली. बाळूपुढे स्टिअरिंग फिरवलं, पान दिलं. मग माझ्यापुढे आली. सवयीने उजवी मूठ पुढे आली, वळायला लागली, आणि अर्ध्यावर थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मग मूठ तशीच उघडली. आत आपट्याचं पान होतं, घामाने ओलं झालेलं. ते तिने माझ्या हातावर ठेवलं आणि नाव न घेता पुढे गेली.